‘आठवण काढली की आई रडते’

घरातले माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांकडून एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते. “मॅडम, वडिलांचा विषय निघाला की आई रडते, म्हणून आम्ही तो काढतच नाही. आमचं काही चुकतंय का?” हा प्रश्न विचारणाऱ्या मुलामुलींचे आईवर मनापासून प्रेम असते, म्हणूनच त्याचे उत्तर घाईने देऊ नये असे मला वाटते. सोलापुरातल्या एका घराचा अनुभव येथे सांगते आहे. त्यासाठी घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळी गल्ली अप्पा म्हणत असे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका यंत्रमाग कारखान्यात ते जॉबर होते. माग अडला की ज्याला हाक मारायची तो जॉबर. धोटा नेमका कुठे अडखळतो आणि ताण्याचा धागा कशामुळे तुटतो, हे अप्पा मागाच्या आवाजावरून ओळखत. कारखान्यातून घरी आल्यावर त्यांची दुसरी पाळी सुरू होई. कुणाचा मिक्सर, कुणाच्या शिलाई मशीनचा पट्टा, कुणाच्या कुकरची मूठ, आणि मुख्य म्हणजे पाण्याच्या मोटारी. आमच्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, तेव्हा पाण्याच्या दिवशी मोटार बंद पडणे म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. अशा वेळी अप्पा हातातला घास टाकून उठत आणि पैसे मात्र कुणाकडून घेत नसत. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरली की गल्लीतली झाडून सगळी पोरे गोळा करून ते गड्ड्यावर, म्हणजे त्या यात्रेतल्या जत्रेत, नेत, पाळण्यात बसवत आणि होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम पाहताना सर्वांत धाकट्याला खांद्यावर घेत.

त्यांना थट्टेची भारी हौस होती. मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत जावई पुण्याहून हुरडा खायला आले, तेव्हा अप्पांनी त्यांना अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितले, की सोलापूरच्या रीतीप्रमाणे नव्या जावयाने हुरड्याचा पहिला घास एका पायावर उभे राहून खायचा असतो. जावई बिचारे आगटीशेजारी एका पायावर उभे राहिले, तळहातावरचा गरम हुरडा शेंगाचटणीबरोबर खाल्ला, आणि सगळे शेत हसू लागल्यावर त्यांना उमगले.

कार्तिकात अप्पा हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. वय बासष्ट. त्यानंतर त्या घरात त्यांच्या तसबिरीला रोज हार पडत होता, पण त्यांच्याबद्दल कुणी एक वाक्य बोलत नव्हते. संक्रांतीला नातवाने “गड्ड्यावर कोण नेणार?” असे विचारले, तेव्हा त्याला डोळ्यांनीच गप्प करण्यात आले. हत्यारांची पत्र्याची पेटी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागले. चैत्र संपता संपता, तापमान चाळिसाच्या पुढे गेलेले असताना, आईंच्या खोलीतला पंखा बंद पडला आणि त्यांनी इलेक्ट्रिशियनला त्याला हात लावू दिला नाही. त्या बाहेर फरशीवर झोपू लागल्या, म्हणजे खरे तर झोपेनाशा झाल्या. तेव्हा मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या भेटीत माझे चुकले. मनातले बोलता येत नसेल तर पत्र लिहून पाहा, असे मी त्या आईंना, म्हणजे माझ्या तोंडी काकूंना, सुचवले. त्या शांतपणे म्हणाल्या, “मालकांशी मी चौतीस वर्षं बोलले, पत्र कधी लिहिलं नाही. आता कुठल्या पत्त्यावर लिहू?” त्यांचे बरोबर होते. एकासाठी उपयोगी पडलेला उपाय दुसऱ्या माणसाची ओळख होण्याआधीच त्याच्या हाती देणे, ही आमच्या कामातली घाई आहे. पुढच्या भेटीत मी अप्पांच्या जाण्याविषयी काहीच विचारले नाही. “त्यांनी दुरुस्त केलेलं घरात अजून काय काय चालू आहे?” एवढेच विचारले.

काकू बराच वेळ बोलल्या. कुकर, देवघरातला दिवा, माळ्यावरचा जुना रेडिओ, मागच्या दाराची बिजागरी. प्रत्येक वस्तूबरोबर एक संध्याकाळ येत होती. दुरुस्तीच्या वेळी तुम्ही काय करत होता, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “बॅटरी मी धरायची. उजेड जरा हलला की ओरडायचे.” चौतीस वर्षे त्या उजेड धरून उभ्या होत्या आणि हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितले नव्हते, कारण ते सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नव्हते.

त्याच भेटीत अबोल्याचे मूळ सापडले. तेराव्याला जावयांनी तो हुरड्याचा किस्सा सांगितला होता आणि काकूंना पदर तोंडाला लावूनही हसू आवरले नव्हते. एका नात्यातल्या बाईने त्यांच्याकडे रोखून पाहिले. त्या क्षणापासून आपण काहीतरी भयंकर केले, अशी त्यांची समजूत झाली आणि अप्पांचा विषय निघाला की त्या उठून आत जाऊ लागल्या. मुलांना वाटले, आईला सहन होत नाही. मुले गप्प झाल्यावर काकूंना वाटले, मुले बापाला विसरली.

मी त्यांना एका अभ्यासाबद्दल सांगितले. केल्टनर आणि बोनॅनो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्या माणसांना सहा महिन्यांनंतर त्या जोडीदाराबद्दल बोलायला लावले आणि त्यांचे चेहरे बारकाईने पाहिले. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, बोलता बोलता जी माणसे मनापासून, डोळ्यांच्या कडांपर्यंत हसली, त्यांची मनःस्थिती न हसणाऱ्यांपेक्षा बरी असल्याचे दिसले. यावरून हसण्याने दुःख बरे होते असे सिद्ध होत नाही. परंतु हसू येणे म्हणजे प्रेम कमी असणे नव्हे, एवढे मी काकूंना खात्रीने सांगू शकले. ते ऐकून त्या रडल्या. त्यांची मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन उठू लागली, तिला मी बसून राहण्याची खूण केली.

खरे अवघड पुढे होते. अप्पांच्या उदारपणाबद्दल सगळे गाव भरभरून बोलत होते आणि काकूंच्या चेहऱ्यावर त्या वेळी काहीतरी आखडत होते. चौथ्या भेटीत ते बाहेर आले. मुलीच्या बारावीच्या क्लासच्या फीसाठी साठवलेले पैसे अप्पांनी एका शेजाऱ्याच्या ऑपरेशनला देऊन टाकले होते, घरी न विचारता. ते परत आले नाहीत. काकूंनी स्वतःच्या दोन बांगड्या गहाण ठेवून फी भरली. “जो येतो तो देवमाणूस होते म्हणतो. मग मी कुणाला सांगू, की या देवमाणसाचा मला फार राग आला होता?”

‘देवमाणूस’ हा शब्द आपण आदराने वापरतो आणि परक्यांनी तो वापरावा यात गैर काही नाही. मात्र घरच्यांनी गेलेल्या माणसाला देव करून टाकले, की त्याच्याशी भांडायची सोय उरत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याची आठवणही धड काढता येत नाही. अप्पा उदार होते आणि त्या उदारपणाची किंमत अनेकदा काकूंनी मोजली, ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाबद्दलची आहेत. काकूंनी ती मुलीसमोर म्हटली, तेव्हा मुलीने सांगितले, की फीचे तिला तेव्हाच कळले होते. अप्पांनी गच्चीवर नेऊन तिची माफी मागितली होती आणि आईला सांगू नकोस म्हणाले होते. काकूंनी हे तीनदा विचारून घेतले.

त्यानंतर एका रविवारी कपाटाचे कुलूप निघाले. मुलगा बँकेत नोकरी करतो, पाना हातात धरायची त्याला सवय नाही. तो स्टुलावर चढला आणि काकू खाली बॅटरी धरून उभ्या राहिल्या. आधी मेन स्विच बंद कर, वरची वाटी खाली सरकव, दोन वायरी कुठल्या ते नीट पाहून ठेव, असे एकेक पाऊल त्याच सांगत होत्या. कंडेन्सर गेला होता. “अडीचचा आण, दुसरा घेऊ नकोस,” हेही त्यांनीच सांगितले. पंखा फिरू लागल्यावर दोघे त्याच्याखाली बसून रडले आणि मग चहा प्याले, असे मुलाने मला नंतर सांगितले.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. आई आठवण काढल्यामुळे रडत नाही, माणूस गेल्यामुळे रडते; आठवण काढल्यावर ते रडणे फक्त तुमच्यासमोर येते. स्ट्रोब आणि शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडले, की शोकातला माणूस कधी दुःखाकडे वळतो आणि कधी रोजच्या कामांकडे, आणि ही ये-जा आवश्यक असते. म्हणून आईला बळेच बोलते करू नये आणि बळेच गप्पही करू नये. विषय काढावा, ती नको म्हणाली तर थांबावे, पुन्हा केव्हातरी काढावा. “रडू नकोस” ऐवजी जवळ बसावे. आपल्याकडे श्राद्धाच्या पानात गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ आठवणीने वाढतात. तो वाढताना त्याला तो का आवडत असे हेही मुलांना सांगावे.

मात्र सगळेच घरात सुटते असे नाही. सहा महिने उलटूनही ओढ आणि वेदना दिवसचे दिवस तसूभरही सैल होत नसेल, खाणेपिणे, झोप, कामधाम ठप्प असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडेच जावे, असे बोलणे कानावर आले तर एक दिवसही थांबू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. काकूंच्या बाबतीत रक्तदाब आणि झोपेसाठी त्यांच्या डॉक्टरांना दाखवून घेतले आणि दिवाळी येता येता आमच्या भेटी संपल्या.

वर्षश्राद्धानंतर पौषात मुलीचा फोन आला. सगळे शेतावर हुरड्याला गेले होते. मुलाचे लग्न ठरले आहे, होणाऱ्या सुनेचा भाऊ बरोबर होता. काकूंनी त्याच्या हातावर हुरडा ठेवला आणि चेहरा जराही न हलवता त्याला इकडची रीत सांगितली. तो एका पायावर उभा राहिला. परतताना जीपमध्ये काकू खिडकीकडे तोंड करून घरापर्यंत रडत होत्या. “आम्ही कुणी काही बोललो नाही, मॅडम,” मुलगी म्हणाली, “नातू फक्त त्यांच्या मांडीवर जाऊन बसला.”