जुना पत्र्याचा कूलर करंट मारतो आणि हवाही गरम देतो. मिस्त्री न बोलावता घरीच काय काय करता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की नऊ आणि पाच वर्षांच्या दोन मुलांना घेऊन भाड्याच्या घरात राहता, घरात दुसरं मोठं माणूस नाही. मागच्या मे महिन्यात कूलरची हवा गरम यायची, आणि ओला हात बॉडीला लागला की करंट जाणवायचा. अनोळखी मिस्त्री घरात नको, मग स्वतः किती करता येईल? बरंच करता येईल. ताट्या (कूलरच्या बाजूंच्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या), पंप, वरचा पाण्याचा ट्रे, टाकीचा गंज, अगदी मोटार सुरू करणारा कपॅसिटरसुद्धा. अर्थिंग (बॉडीत आलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) मात्र नाही, आणि सुरुवात तिथूनच करायची.

"थोडा करंट तर सगळ्याच कूलरला असतो" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. नसतो. पत्र्याची बॉडी, ओली फरशी आणि अनवाणी पोरं एकत्र असताना तो थोडा आहे की जीवघेणा, हे हात लावून ठरवायची गोष्ट नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, आणि कारणं बहुतेक तीच असतात: टू-पिन प्लग, अर्थिंगचं भोक नुसतंच असलेलं सॉकेट, पाण्यात बुडालेला वायरचा जोड.

आधी प्लग बघा. थ्री-पिन हवा, आणि त्याच्या वरच्या जाड पिनेला हिरवी वायर जोडलेली हवी. ही वायर दुसऱ्या टोकाला कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळलेली असते. पत्र्यावर तिथे रंग किंवा गंज असेल तर सँडपेपरने चकचकीत घासून मगच स्क्रू आवळा. रंगावर आवळलेली अर्थिंग कामाची नाही. सॉकेटपर्यंत अर्थिंग खरोखर येते का, हे घरमालकाच्या वायरमनकडून, मालक समोर असताना, तपासून घ्या. त्याला मल्टिमीटरवर तीन आकडे दाखवायला सांगा: फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकाच, आणि न्यूट्रल-अर्थ ५ व्होल्टच्या आत. तिसरा आकडा लोड चालू असतानाही अगदी शून्य आला तर सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवलेत का, ते उघडून बघायला लावा. हा जुगाड धोक्याचा आहे, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खी बॉडीच फेज होते, म्हणजे तिच्यात करंट येतो. बाजारात मिळणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर हा जुगाड पकडू शकत नाही.

त्याच फेरीत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की लाइट तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एमसीबी पडते ती शॉर्ट झालं किंवा लोड वाढला तर. माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या खिजगणतीतही नसतो. आरसीसीबी मात्र तेवढ्यावरच पडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पडते की नाही बघायचं. घरमालक खर्चाला का कू करत असेल तर व्हॉट्सॲपवर लेखी मागणी टाका. तोंडी मागितलेली अर्थिंग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबते.

आरसीसीबी बसली की करंट कुठून येतो हेही घरबसल्या कळतं. कूलरला पंख्याचं आणि पंपाचं बटण वेगळं असतं. आधी फक्त पंखा लावा, मग फक्त पंप. ज्यावर आरसीसीबी पडेल तो दोषी. बहुतेक वेळा पंपच निघतो, कारण त्याचं सील जातं आणि पाणी आत शिरतं. असा पंप दुरुस्त करू नका, सरळ टाकून द्या आणि नवा घ्या. तुमच्या कूलरला साधारण १८ वॅटचा पुरतो. वायरचे जोड पाण्याच्या पातळीच्या वर, बंद प्लास्टिकच्या डबीत ठेवा, आणि वायर डबीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातूनच टपकून जाईल. सेलोटेप गुंडाळलेला जोड दिसला की तो तिथल्या तिथे बदलायचा.

आणि एक सवय: कूलरला हात लावण्याआधी, पाणी भरतानासुद्धा, प्लग उपटायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर असलेलं बऱ्याचदा सापडतं. बटण बंद दिसतं, पण फेज आत जिवंत असते.

आता गरम हवेकडे. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असली, तर बरा चालणारा कूलर २८ ते ३० अंशांची हवा देऊ शकतो. तुमचा देत नसेल तर मुख्य शक्यता दोन. एक तर काही हवा ओल्या ताटीतून न जाता फटीतून आत येतेय, नाही तर आत आलेल्या हवेला घराबाहेर जायला वाट नाही.

फट कुठे असते ते सांगते. ताटीतलं वुडवूल (लाकडाचे बारीक तंतू) ओलं झालं की स्वतःच्या वजनाने खाली बसतं आणि वर, ट्रेच्या लगेच खाली, दोन-तीन बोटांची रिकामी पट्टी उरते. बाहेरून जाळीमुळे ती पटकन दिसत नाही. पंखा मात्र हवा तिथूनच ओढतो, कारण तिथे अडथळाच नसतो. पंप चालू, ताट्या ओल्या आणि तोंडावर झळा, हे कोडं बहुतेक वेळा या पट्टीपाशी सुटतं.

म्हणून नव्या ताट्या नीट भरा. मार्च-एप्रिलमध्ये शहरात रस्तोरस्ती वुडवूलचे गठ्ठे मिळतात. जुनं काढताना नाक-तोंड बांधा, हातात मोजे घाला. त्यात क्षार आणि धूळ भरपूर असते. लोखंडी जाळ्या तारेच्या ब्रशने घासून वाळवा. ताटी जमिनीवर आडवी ठेवा, वुडवूलचे गोळे बोटांनी मोकळे करून पसरा. दाबल्यावर दीड-दोन इंच जाडी यायला हवी. वरच्या चौथ्या हिस्स्यात मूठभर जास्त घाला, कारण बसणार तिथूनच आहे. जाळी बंद करून बाइंडिंगच्या तारेने चार-पाच ठिकाणी आवळा. मग ताटी उन्हाकडे धरून आरपार बघा. रुपयाएवढा उजेड जिथे दिसेल तिथे चिमूटभर कोंबा. उलट, ठासून भरलीत तर हवा ओढली जात नाही आणि मोटार तापते. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा वरची पट्टी बघून भर घाला.

खस घ्यावा का? वास छान, पण महाग. फार हौस असेल तर आतल्या बाजूला पातळ थर द्या. हनीकोंब पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचे) टिकाऊ खरे, पण ते जाड असतात आणि जुन्या पत्र्याच्या ताट्यांत बसत नाहीत. शिवाय बोअरचं जड पाणी असेल तर त्यांच्या भोकांत क्षार बसतात. तुमच्या कूलरला वुडवूलच बरं.

ताट्या बसवल्यावर पंखा बंद ठेवून फक्त पंप १५-२० मिनिटं चालवा. पिवळट, वास मारणारं पाणी खाली येईल. ते पूर्ण काढून टाका आणि मगच ताजं भरा. त्याच वेळी बघा की तिन्ही ताट्या सारख्या भिजतात का. एखादी कडेला कोरडी राहत असेल तर दोषी वरचा ट्रे. त्याची भोकं क्षाराने बुजलेली असतात. सायकलच्या स्पोकने एकेक मोकळं करा. भोकं मोकळी असूनही एकच बाजू कोरडी असेल तर कूलरच कलला आहे. ट्रेवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली की कल लगेच दिसतो. स्टँडच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवून सरळ करा, पण टाकी रिकामी असताना. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, एकटीने भरलेला कूलर हलवायला जाऊ नका.

पंप नुसता घूं करतो आणि पाणी चढत नाही, तर खालची जाळी काढून आतलं पातं बघा. वुडवूलचा एखादा धागा गुंडाळलेला असतो. पंपाभोवती मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधली की हा त्रास कमी होतो. पंप कोरडा चालला तर जळतो. मे महिन्यात असा कूलर तासाला सहा-आठ लिटर पाणी सहज पितो, म्हणजे ६० लिटरची टाकी साडेसात ते दहा तासांची. तुम्ही कामावर आणि मुलं घरी असतील तर घराच्या पाण्याच्या नळाला जोडून कूलरमध्ये बॉल कॉक (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी तोटी) बसवा. मुलांनी बादलीने पाणी भरणं नकोच.

टाकीच्या तळाला गंजाचं बारीक भोक असेल तर तिथला गंज खरवडून एम-सील दाबा, पूर्ण कडक होऊ द्या, मग आतून रेड ऑक्साइड आणि त्यावर डांबराचा काळा रंग. दोन्ही हातांमध्ये वाळायला वेळ द्या आणि शेवटचा हात एक पूर्ण दिवस वाळवा. ओलसर रंगावर पाणी भरलं की तो पापुद्रे धरून पंपात जातो. शनिवारी संध्याकाळी लावलात तर सोमवारी पाणी भरायचं. गंजलेले स्क्रू फिरत नसतील तर आदल्या रात्री केरोसीन किंवा खोबरेल सोडून ठेवा. जोर लावून डोकं घासलं गेलं की ते काम दुप्पट होतं.

दुसरी शक्यता खोलीची. कूलर खोलीच्या आत ठेवून दार-खिडकी बंद केली तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओलावतो. त्याची पाठ खिडकीबाहेर हवी. भोवतीची मोकळी जागा थर्मोकोलने बुजवा, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चार-सहा बोटं उघडं ठेवा. तिथे उदबत्ती धरा. धूर बाहेर ओढला जात असेल तर वाट बरोबर आहे. रात्री एकटीने दार उघडं ठेवायला नको वाटत असेल, ते साहजिक आहे, तर बाथरूमची वरची झडप किंवा जाळीची खिडकी चालते. पश्चिमेच्या भिंतीवर कूलर असेल तर त्याच्यावर हिरवी नेट ताणा, पण ताट्यांपासून फूटभर लांब.

टाकीत बर्फ टाकायच्या भानगडीत पडू नका. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता ओढतं, तेवढी ओढायला पाच-सहा किलो बर्फ लागेल. आणि नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सरून पावसाळी ढग आले की कूलरला दोष देऊ नका. दमट हवेत पाण्याची फारशी वाफच होत नाही. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने तग धरतात. ब्रशने घासायचं, वाळवायचं, मग भरायचं. साचलेले क्षारही त्यातच निघून जातात. पांढरा थर जाडच असेल तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून तासभर ठेवा.

मुलांच्या बाबतीत: पुढच्या जाळीतून पाच वर्षांच्या पोराचं बोट आरामात जातं. तिच्यावर बारीक जाळी लावून केबल टायने बांधा. स्टँड खिडकीच्या गजाला बोल्टने किंवा तारेने जखडा, कारण ते चढणारच. मोठ्याला प्लग काढलेला असताना ट्रेची भोकं उघडायला बसवा, लहान्याकडे स्क्रूंची वाटी द्या.

राहिली मोटार. घूं करते, पण काठीने पातं ढकललं की सुरू होते, किंवा फिरते पण मंद, तर आधी कपॅसिटर बदला. जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच घ्या; जास्त घेतला म्हणजे जोर वाढत नाही, मोटारीतलं वाइंडिंग (तारेचे वेढे) तापतं. जुन्यात चार्ज उरलेला असतो म्हणून प्लग काढल्यावर त्याची दोन्ही टोकं दांडा प्लास्टिकचा असलेल्या स्क्रूड्रायव्हरने जोडून मगच हात लावा. खरखर आवाज असेल तर बेअरिंग किंवा बुश गेलं. ते घरी करू नका, पण मिस्त्रीही घरी नको: वायरींचा फोटो काढा, चार नटबोल्ट सोडवा, पातं काढा आणि मोटार पिशवीत घालून नागपुरातल्या बर्डी, महाल किंवा इतवारीत दुकानात न्या. सोडवण्याआधी चालू कूलरचा व्हिडिओ घ्या, मोटारीचा दांडा कुठल्या दिशेने फिरतो ते त्यात दिसायला हवं. वाइंडिंगही नवं करावं लागणार असेल तर दुकानात विचारा, ते तांब्याचं करणार की ॲल्युमिनियमचं, आणि घेताना तिथेच चालवून व्हिडिओशी ताडून बघा. रिवाइंडिंगनंतर मोटार उलटी फिरणं काही नवलाचं नाही. दुकानात ते दोन वायरींचं काम असतं, घरी पातं बसवून झाल्यावर कळलं तर सगळं पुन्हा सोडवावं लागतं.