फुल फंडिंग आणि उन्हाळ्याचे तीन महिने

प्रश्न : भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले, तीन वर्षं नोकरी केली. बचत नऊ हजार डॉलरच्या घरात, शिक्षणकर्ज सात हजार बाकी. पीएच.डी.च्या दोन ऑफर हातात आहेत. अमेरिकेत टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्याच्या कामाबदल्यात पैसे), ट्यूशन फी माफ आणि नऊ महिन्यांचे २७,००० डॉलर. जर्मनीत तीन वर्षांचा, ७५ टक्के पदाचा करार. कर्ज फेडून मोकळी होऊन जाऊ का? आणि कुठे जाऊ?

आधी कर्जाचं बोलू. सगळं फेडू नका. डोक्यावर देणं नको, हे मला समजतं. पण फेडलंत तर हाताशी दोनच हजार उरतात. अमेरिकेत ऑगस्टच्या मध्यावर पोचलात, तर पहिला स्टायपेंड हाती यायला सप्टेंबरअखेर उजाडू शकते. तोवर घराचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं खिशातून. त्याआधी व्हिसा, ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), विमानाचं तिकीट. फी माफ आणि वर स्टायपेंड, म्हणजे ‘फुल फंडिंग’, त्याच्या पत्रात यातलं काहीच धरलेलं नसतं. तेव्हा पाच हजार राखा, चार हजार कर्जात भरा आणि बँकेला लेखी कळवा की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा. एरवी मी नेमका उलटा सल्ला देतो, कारण मुदत घटली की व्याज जास्त वाचतं. तुमच्यासाठी मात्र दरमहा हातात काय राहतं, हे महत्त्वाचं.

आता तो २७,००० चा आकडा. नऊ महिन्यांनी भागलात तर महिन्याला ३,०००. भाडं मात्र बारा महिने द्यायचं, म्हणजे खरे २,२५०. त्यातून कर जाणार, आणि ट्यूशन माफ असली तरी विद्यापीठाची इतर शुल्कं बरेचदा माफ नसतात. वर कमवू म्हणाल, तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि ते शिकवण्यातच संपतात. उन्हाळ्याचा पगार बहुतेकदा गाइडच्या संशोधन अनुदानातून येतो. अनुदान नसेल तर तीन महिने कोरडे. प्रयोगाच्या गटांपेक्षा सिद्धान्ताच्या गटांत ही अडचण जास्त दिसते. पीएच.डी. होईतो असली सहा वर्षं सहज जातात.

जर्मनीत तुम्ही विद्यार्थी कमी, नोकरदार जास्त. टीव्ही-एल ई१३ या जर्मन राज्यांच्या सरकारी वेतनश्रेणीच्या ७५ टक्के पगार बाराही महिने, शिवाय वर्षअखेरीचा बोनस. कापलं बरंच जातं, पण त्यात आरोग्यविमा आणि बेकारी विमाही आला. खटकतं ते एकच : करार तीन वर्षांचा, प्रबंध मात्र बरेचदा चौथ्या वर्षात जातो.

नुसत्या हिशेबाने मी जर्मनी म्हणेन, विषय दोन्हीकडे तुमच्या आवडीचा असेल तरच. नावडत्या विषयात अर्धवट सोडलेली पीएच.डी. सगळ्यात महाग पडते. तरी अमेरिकेला लगेच नकार कळवू नका. निधीसह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत मुदत द्यायची, असा तिथल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांचा ठराव आहे. तेवढ्यात दोन मेल टाका. अमेरिकी गाइडना विचारा : गेल्या तीन उन्हाळ्यांत तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पगार मिळाला का? जर्मनांना विचारा : चौथ्या वर्षी मुदतवाढ कोणत्या निधीतून देता? ‘तेव्हा बघू’ असं उत्तर कुणाकडूनही आलं, तर तो नकार धरा. उत्तरं हाती आली की मला पाठवा, हप्त्याचं गणित त्यावर बसवू.