टर्बो जोरात, पेट्रोल मोजून

प्रश्न : पेट्रोलवर मर्यादा असताना पोर्शे ९५६ ही टर्बो गाडी ल मांसची २४ तासांची शर्यत जिंकली कशी? – एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : इंजिन २.६५ लिटरचं, सहा सिलिंडर, दोन टर्बो. टाकी नियमानुसार १०० लिटरची. खरी मेख बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो इंजिनात जी हवा दाबून भरतो तिच्या दाबात. चालकाने दाब कमी केला की ताकद घटते, पण पेट्रोल वाचतं. हावरटपणा केला की कोटा शेवटी आटतो. १९८२ला पहिले तीनही क्रमांक ९५६चेच. सिलिंडर हवेवर थंड व्हायचे, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, मात्र पाण्यावर. १९८३ला विजेत्या गाडीचं दार उडालं, रेडिएटरला हवा पुरेना, हेड तापलं. शेवटच्या फेरीत इंजिन आचके देत कसंबसं रेषेपार गेलं! १९८४-८५ला योस्ट संघ जिंकला, तोही ९५६वरच.