चिनी काल्पनिक कथांमधले तरुण मांत्रिक सारखे गायब झालेल्या माणसांचाच शोध का घेत असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिनी फँटसी मालिकांत एखाद्या पंथाचे चार-पाच तरुण शिष्य डोंगर उतरून गावात येतात, तिथे माणसं नाहीशी होत असतात, आणि शोध घेता घेता कुठलातरी राक्षस निघतो. याला जुन्या परंपरेचा काही आधार आहे, की ही पटकथा लिहिणाऱ्यांची सोय? आणि मराठीत असं काही लिहायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

आधार आहे, आणि तो निदान सतराशे वर्षांचा आहे. नवी आहे ती शिष्यांची टोळी. उडत्या तलवारी, डोंगरावरचे पंथ, गुरुबंधू-गुरुभगिनींची भांडणं हा थाट ठळकपणे दिसतो तो १९३२ पासून चीनमध्ये वर्तमानपत्रात क्रमशः आलेल्या शू पर्वतावरच्या तलवारबाजांच्या अवाढव्य कादंबरीत. पुढे तो हाँगकाँगच्या सिनेमात गेला, १९९५ मध्ये तैवानच्या एका गाजलेल्या कॉम्प्युटर गेममध्ये आला आणि मग इंटरनेटवरच्या कादंबऱ्यांनी त्याचा कारखानाच काढला. त्याच्या कितीतरी आधीच्या गोष्टींत तपास करणारं माणूस बहुधा एकटं असतं, आणि पुष्कळदा त्याला एक मंत्रही येत नसतो.

माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात चांगली गोष्ट चौथ्या शतकातली आहे. गान बाओ हा जिन राजवटीचा दरबारी इतिहासकार. त्याने भुताखेतांच्या आणि चमत्कारांच्या नोंदी जमवून 'सोउशेन जी' नावाचा संग्रह केला. इतिहासकारानेच केलेला म्हणून त्याचा सूर दफ्तरातल्या नोंदीसारखा कोरडा आहे. त्यात ली जी नावाच्या मुलीची हकिकत येते. आग्नेय चीनमधल्या आजच्या फुजियानच्या भागात एका डोंगरात सात-आठ झांग लांबीचा साप होता, म्हणजे आपल्या हिशोबाने पंधरा मीटरच्या वर. गुरं-मेंढरं दिली तरी त्याचं समाधान होईना. मग कोणाच्या स्वप्नात जाऊन, कोणाच्या अंगात येऊन त्याने मागणी केली की बारा-तेरा वर्षांच्या मुली हव्यात. अंमलदारांनी व्यवस्था लावली. दर वर्षी आठव्या महिन्यात एक मुलगी भुयाराच्या तोंडाशी नेऊन ठेवायची. नऊ वर्षांत नऊ मुली गेल्या.

दहाव्या वर्षी मुलगी मिळेना. तेव्हा सहा बहिणींतली धाकटी, ली जी, आपणहून जायला निघाली. आईबापांना तिने सांगितलं ते वाचवत नाही: तुम्हाला मुलगा नाही, आम्ही सहाजणी असून नसल्यासारख्या, मला विकलंत तर चार पैसे तरी हाती येतील. आईबापांनी नकार दिला, तर ती गुपचूप निघून गेली. जाण्याआधी तिने एक चांगली तलवार आणि सापावर तुटून पडणारा कुत्रा मागून घेतला. भाताचे गोळे केले, त्यांत मध आणि भाजलेलं पीठ घातलं आणि ते भुयारापाशी रचून ठेवले. वासाने साप बाहेर आला आणि आधी गोळ्यांवर पडला. कुत्र्याने त्याला धरलं आणि हिने मागून वार केले. मग ती आत गेली, नऊ कवट्या बाहेर आणल्या आणि त्यांच्याकडे बघून हळहळली, की तुम्ही भित्र्या राहिलात म्हणून खाल्ल्या गेलात.

आपल्याला इथे बकासुर आठवणारच. पण एकचक्रेत भीम जातो, त्याच्या अंगात दहा हजार हत्तींचं बळ असतं आणि तो गाड्यावरचं अन्न स्वतःच फस्त करतो. इथे जाणारी पोरगी आहे आणि अन्न हे तिचं शस्त्र आहे. (शेवटी राजा तिच्याशी लग्न करतो, बापाला अंमलदार करतो वगैरे. तो भाग मला कारकुनी वाटतो, कोणीतरी फाइल बंद केल्यासारखा.)

पण गोष्टीतलं खरं वाक्य वेगळंच आहे, आणि गान बाओ ते अगदी सहज लिहून जातो: त्या नऊ मुली कोणाच्या होत्या? घरात जन्मलेल्या दासींच्या आणि गुन्हेगार ठरलेल्या कुटुंबांतल्या. म्हणजे त्या नाहीशा झाल्या याचं गावाला गूढ नव्हतंच. कोण गेलं, कधी गेलं, कोणी नेलं, सगळं ठाऊक होतं. 'गूढरीत्या गायब' हे शब्द बाहेरून आलेल्या माणसाचे. आजच्या बऱ्याच मालिका इथेच कच्च्या पडतात. त्यांत गावकरी नुसते रडायला असतात, आणि गावाचा प्रमुख काहीतरी लपवतोय हे उघड झालं की त्याला लगेच राक्षसाचा हस्तक करून टाकतात. तो साधा घाबरलेला, हिशोबी माणूस असू शकतो हे कोणाला सुचत नाही.

तपास म्हणून वाचायची असेल तर तांग राजवटीच्या काळातली (सातवं ते दहावं शतक) पांढऱ्या वानराची कथा घ्या. लेखक अज्ञात आहे. 'ओउयांग हे' नावाचा सेनापती दक्षिणेच्या डोंगराळ मुलखात मोहिमेवर जातो. स्थानिक लोक त्याला बजावतात की इथलं एक दैवत देखण्या बायका पळवतं, बायकोला जपा. तो तिला आतल्या खोलीत बंद करून भोवती पहारा बसवतो. पहाटे बघतात तर बाई नाही, आणि दाराची कडी होती तशीच आहे. बंद खोलीचं रहस्य म्हणतात ते हेच, आणि तेही बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी!

पुढचं सगळं पायपिटीचं काम आहे. महिनाभरानंतर शंभर ली (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) अंतरावर एका झुडपात तिचा भरतकाम केलेला जोडा सापडतो, पावसाने भिजलेला, पण ओळखू येईल असा. तीस धट्टेकट्टे गडी घेऊन तो आणखी आत शिरतो, तेव्हा गाणाऱ्या-हसणाऱ्या बायकांचा एक घोळकाच भेटतो. सगळ्या पळवून आणलेल्या. कोणी दहा वर्षं तिथे आहे. कोडं सोडवतात त्या या बायका. भरपूर दारू, दहा कुत्रे आणि पुष्कळ अंबाडी घेऊन ठरल्या दिवशी या, असं त्या सांगतात. पिऊन तर्र झाला की तो वानर गंमत म्हणून स्वतःला रेशमाने बांधून घेतो आणि एका हिसड्यात तोडतो. या वेळी रेशमात अंबाडी वळू. त्याचं अंग लोखंडासारखं आहे, पण बेंबीखालची चार बोटं जागा तो नेहमी झाकतो, हेही त्यांनीच हेरून ठेवलेलं असतं. सेनापती फक्त वार करतो.

गंमत अशी की ही कथा बहुधा कुचाळकीसाठी लिहिलेली आहे. शेवटी त्या बायकोला वानरासारखा दिसणारा मुलगा होतो, आणि खऱ्या इतिहासात ओउयांग हेचा मुलगा म्हणजे थोर सुलेखनकार ओउयांग शुन, जो दिसायला कुरूप म्हणून प्रसिद्ध होता.

आता मांत्रिकांकडे. त्यांच्या पोतडीत खरोखर काय असायचं हे बघायचं तर ताओपंथी (चीनच्या ताओ धर्मपरंपरेतला) विद्वान गे हाँगचा 'बाओपूझी' हा ग्रंथ आहे, तोही चौथ्या शतकातला. डोंगरात शिरताना काय काळजी घ्यावी यावर त्यात एक आख्खं प्रकरण आहे. म्हातारे झालेले प्राणी आणि झाडं माणसाचं रूप घेतात, पण आरशात रूप बदलता येत नाही, म्हणून पाठीवर नऊ त्सुनांपेक्षा मोठा, म्हणजे वीतभर रुंदीचा आरसा बांधावा. त्याहून मजेदार आहे ती दिवसांची यादी (चिनी पंचांगात दिवसांना बारा प्राण्यांची नावं येतात). वाघाच्या दिवशी डोंगरात कोणी स्वतःला वनाधिकारी म्हणवत आला तर तो वाघ समजावा. ड्रॅगनच्या दिवशी 'नदीचा स्वामी' म्हणून भेटला तर तो मासा, आणि 'आतडी नसलेले राजपुत्र' भेटले तर तो खेकडा. घोड्याच्या दिवशी सिद्धपुरुष म्हणून कोणी आला तर तो जुना वृक्ष. नाव बरोबर ओळखलं की त्याची मात्रा चालत नाही.

म्हणूनच या परंपरेत ओळख पटवणं हीच अर्धी लढाई असते, आणि म्हणूनच ती तपासकथेला इतकी सोयीची पडते. समोर मेलेल्या माणसाचा आत्मा आहे की वय होऊन सिद्ध झालेला कोल्हा, यावर पुढचं सगळं ठरतं. आत्म्याचं काहीतरी राहिलेलं असतं, ते पुरं करावं लागतं. कोल्ह्याला काहीतरी हवं असतं, तो सौद्याला तयार होतो. दोघांना सरसकट 'राक्षस' म्हटलंत की गोष्टीत उरते ती नुसती मारामारी.

दुसरी गोष्ट म्हणजे चिनी मंत्रात सरकारी कागदाचा वास येतो. पिवळ्या कागदावर शेंदरी-लाल हिंगुळाने ताईत लिहितात, त्याच्या शेवटी 'कायद्याप्रमाणे तातडीने अंमल व्हावा' अशा अर्थाचे शब्द असतात, आणि ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीच्या काळातल्या सरकारी हुकुमांतून आले आहेत. गे हाँगच ताओपंथी दाय बिंगची हकिकत सांगतो. डोहातलं एक प्रचंड कासव लोकांना आजारी पाडत होतं. दाय बिंगने मंतरलेल्या शिक्क्याचे ठसे मातीवर उमटवून तसे शेकडो गोळे नावेतून डोहात फेकले. कासव वर आलं आणि मारलं गेलं. थोडक्यात, त्याला नोटीस बजावली. मांत्रिक हा तिथे अदृश्य जगातला अंमलदार असतो, आणि त्याच्याकडे अंमलदाराचे सगळे दोषही येऊ शकतात.

त्या दोषांचा खरा इतिहासही आहे. १७६८ मध्ये, छियानलाँग बादशहाच्या काळात, झेजियांग प्रांतात अफवा उठली की मांत्रिक लोकांच्या वेणीची टोकं कापून त्यांचे आत्मे चोरतात. अफवा प्रांतामागून प्रांत पसरली. वेणी ही तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचू घराण्यापुढच्या निष्ठेची खूण असल्याने बादशहाला त्यात बंडाचा वास आला आणि अधिकाऱ्यांवर मांत्रिक पकडून दाखवण्याचा दबाव वाढला. पकडले गेले ते भटके भिक्षू आणि भिकारी. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले, वरच्या चौकशीत ते टिकले नाहीत, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मोहीम गुंडाळावी लागली. मांत्रिक एकही सापडला नाही, पण कोठडीत माणसं मात्र मेली. तुमच्या कथेतले तरुण शोधक गावात येतील तेव्हा गावाने आधीच एखादा भिकारी धरून बांधून ठेवलेला असेल, तर प्रसंग खोटा वाटणार नाही.

लिहायचंच असेल तर माझा सल्ला असा, की जग चीनच राहू द्या. नावं बदलून ते सह्याद्रीत आणू नका. इथला देवऋषी आणि तिथला ताओपंथी यांच्या कामाची रीतच निराळी आहे. शिष्य चार असतील तर चौघांनाही तलवार देऊ नका. एकाकडे आरसा द्या, एकीला यादी पाठ असू द्या, आणि एकाला गावातल्या बायकांशी बोलता येऊ द्या. बहुतेक माहिती या शेवटच्यालाच मिळेल. आणि राक्षस ठरवण्याआधी नाहीशा झालेल्यांची यादी लिहून काढा: कोण कोणाच्या घरी कामाला होतं, कोणाचं कर्ज कोणावर होतं, कोण गेल्यावर कोणी चौकशीच केली नाही.

चिनी येत नसेल तर मी वर सांगितलेल्या दोन्ही जुन्या ग्रंथांची आणि वानराच्या कथेची इंग्रजी भाषांतरं मिळतात. 'बाओपूझी' सलग वाचायला जड आहे, त्यातलं डोंगराचं सतरावं प्रकरण तेवढं उघडा. ली जीची गोष्ट जेमतेम पानभराची आहे, आधी तीच वाचा.