वेट ट्रेनिंगमुळे दंड-खांदे दिसायला लागलेत, घरचे म्हणतात ‘पुरुषी दिसतेस’. त्यांना काय सांगू?

तू लिहिलंयस की सव्वीस वर्षांची आहेस, दीड वर्ष जिमला जातेस, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहायचं) ७० किलोवर गेलीय आणि पुढच्या महिन्यात चुलत बहिणीचं लग्न आहे. आई म्हणते ब्लाउजची बाही कोपरापर्यंत शिव. आत्या म्हणते, पैलवान झालीस, आता स्थळं कुठून येणार. त्यांना गप्प करणारं उत्तर तुला हवंय.

तसं उत्तर माझ्याकडे नाही. मी ३८ची आहे, सात वर्षं वजनं उचलतेय, आणि हीच वाक्यं याच क्रमानं ऐकलीत. ‘पैलवान’ आधी येतं, ‘स्थळं’ मागून. माझं लग्न झालेलं होतं, म्हणून मला स्थळांऐवजी ‘नवऱ्याला चालतं का?’ मिळालं.

पहिली दोन वर्षं मी सायन्स सांगत बसले. बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानानं दहा-पंधरा पटींनी कमी असतं, त्यामुळे डंबेल धरला म्हणून कोणी रातोरात बॉडीबिल्डर होत नाही. पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होतात, तेव्हा आधी कमावलेली ताकद उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते. सगळं खरं आणि सगळं फुकट. आई शांतपणे ऐकायची, मेथी निवडायची आणि शेवटी म्हणायची, “ते असेल गं. पण दिसतं कसं?”

आणि असं नाही की आमच्याकडे कुणाला ताकदीचं कौतुक नाही. २००० साली ऑलिंपिकमध्ये बायकांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा आलं, कर्णम मल्लेश्वरीनं सिडनीत कांस्य घेतलं, तेव्हा बाबांनी पेपरातला फोटो मला मुद्दाम दाखवला होता. २०२१ला टोकियोत मीराबाई चानूनं ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्य आणलं, तर आमच्या फॅमिली ग्रुपवर पहिला तिरंगा माझ्या आत्यानं टाकला. त्याच आत्यानं दिवाळीत माझा दंड दाबून “हे काय गं बाई!” केलं. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात.

माझं डोकं ज्यामुळे ठिकाणावर आलं, ते आता सांगते. आजोळ आटपाडी तालुक्यातलं, माणदेशातलं. तिकडे पाऊस किती कमी पडतो ते माहीत असेलच. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गेले होते. आजीनं माझे तळहात हातात घेतले आणि बोटांच्या मुळाशी आलेले घट्टे अंगठ्यानं चाचपले. मला वाटलं कौतुक करेल, शेतातल्या बाईला घट्ट्यांचं काय वावडं? ती म्हणाली, “वझं उचलाय लागू नये म्हणून तुज्या आयला साळंत घातली. आन तू पैकं दिऊन वझं उचालतीस व्हय गं?”

मी हसले. ती हसली नाही. मग तिनं ७२च्या दुष्काळातलं सांगितलं. धाकटा मामा झाला होता, सव्वा महिनाही झाला नव्हता, आणि ती खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. पाट्या डोक्यावर, घरी आल्यावर पाण्याची खेप. पुढे तिचं अंग बाहेर आलं, म्हणजे गर्भाशय खाली सरकलं. कितीतरी वर्षं ते तिनं कुणाला न सांगता सोसलं, कारण सांगणार कुणाला? हे ती ओसरीवर बसून, भाजीच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलत होती. आई उठून आत निघून गेली.

तोवर मी कितीदा तरी ऐटीत म्हटलं होतं की आमच्या आज्या डोक्यावर घागरी वाहायच्या, मग मी बारबेल उचलला तर काय बिघडलं. इंटरनेटवर हे वाक्य फार चालतं. तुझ्या आईसमोर ते टाकू नकोस. त्या पिढीच्या बाईला वजन म्हटलं की घागर दिसते, आणि घागर म्हटलं की तुटलेली कंबर. राकट हात, रुंद खांदे म्हणजे त्यांच्या लेखी गरिबीची खूण, जी पुसायला त्यांनी एक अख्खं आयुष्य घातलं. नाजूक मुलगी म्हणजे जिला काम करावं लागत नाही ती. आपण पैसे भरून ती खूण परत अंगावर काढून घेतोय असं त्यांना वाटतं.

‘वजन उचललंस तर अंग बाहेर येईल, मूल राहणार नाही’ ही भीतीही इथूनच आलेली. ती अडाणीपणा म्हणून उडवून लावू नये. ओल्या बाळंतिणीनं रोज पाट्या वाहणं आणि धडधाकट मुलीनं हळूहळू वाढवत, मध्ये विश्रांती घेत, पोटभर खाऊन व्यायाम करणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आजीला मी एवढंच सांगितलं की मी थकले की थांबते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “थांबाय येतं व्हय?” पटलं असं नाही म्हणणार मी. पण त्यानंतर तिनं कधी टोकलं नाही.

आईच्या बाबतीत मी वाद थांबवले आणि व्यवहार मिटवले. अर्धी कटकट त्यातच असते. अंड्यांसाठी वेगळं पातेलं आणि वेगळा कप्पा. सकाळचा डबा माझा मी करायचा. जिमच्या फीचा विषय जेवताना काढायचा नाही. मग एकदा तिच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करायला सांगितली, तेव्हा ती शिकवायला तिनं मलाच बोलावलं. “तुझ्यासारखे दंड नकोत मला,” हे आधी बजावून. आता दहा-दहाचे दोन सेट करते. माझ्या दंडांबद्दलचं मत मात्र अजून तेच आहे.

आत्याला काही सांगायला जाऊ नकोस. तिला उत्तर नकोच असतं, तिला चार बायकांत बोलायला विषय हवा असतो. तू चिडलीस की विषय लांबतो. “हो ना, वाढलेत खरे” म्हणायचं आणि ताटात काय वाढू ते विचारायचं.

स्थळांचं म्हणशील तर, माझ्या जिममधल्या दोघींची लग्नं गेल्या दोन वर्षांत झाली. एकीला बघायला आलेल्यांनी “हे लग्नानंतर बंद करणार ना?” विचारलं, तिनं नाही म्हटलं, ते परत आले नाहीत. वाईट वाटलं तिला, खोटं कशाला बोलू? पण जो प्रश्न लग्नानंतर सहा महिन्यांनी स्वयंपाकघरात निघाला असता, तो कांदेपोह्यांतच निघाला.

एका बाबतीत मात्र आईच्या बाजूनं बोलते. पाळी चुकायला लागली असेल, चक्कर येत असेल, केस गळत असतील, तू वजन कमी करायच्या नादात उपाशी राहत असशील, तर ती म्हणते ते ऐक आणि डॉक्टरकडे जा. आणि ट्रेनरनं दिलेल्या बिनलेबलच्या डब्यातली पावडर खाऊ नकोस. कुटुंबाचा राग एकवेळ परवडतो.

आता लग्न. मी मावसभावाच्या लग्नात, मे महिन्यात, आटपाडीत, कोपरापर्यंतची बाही घालून फिरले. घामानं अस्तर चिकटलं, जेवणावळीत हात वर होईना, आणि इतकं करून आत्यानं विचारलंच, “एवढी झाकून का बसलीस?” तेव्हा तुला हवी तेवढीच बाही शिव. फक्त जुन्या मापावर टाकू नकोस, दीड वर्षात दंडाचा घेर बदललेला असणार आणि मुंढ्यातही काचेल. माप नव्यानं द्यायला स्वतः जा. टेलर दंडाला टेप लावून वर बघतील, बघू देत. आत माया जरा जास्त सोडायला सांग, अर्धा इंच तरी, म्हणजे पुढच्या लग्नाला उसवून वापरता येईल.