वाणिज्यदूत स्थानिकांच्या काय कामाचा?

प्रश्न : आमच्या वस्तीत अनेक देशांतून आलेली कुटुंबं राहतात. त्यातल्या काही देशांचे वाणिज्य दूतावास (कॉन्सुलेट) शहरात आहेत, पण ते त्यांच्या नागरिकांसाठी. आम्हा स्थानिकांना त्यांचा काय फायदा?

उत्तर : फायदा सगळ्यांत आधी जाणवतो तो रुग्णालयाला, पोलीस ठाण्याला आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीला. समजा, परदेशी माणूस रुग्णालयात वारला. नातेवाइकांचा पत्ता नाही, शव शवागारात पडून आहे. अशा वेळी वाणिज्य दूतावास पासपोर्टवरून ओळख पटवतो, मायदेशी घरच्यांना गाठतो आणि अंत्यविधी कुठे करायचा याबद्दल त्यांचा निर्णय कळवतो. शव मायदेशी न्यायचं असेल तर साधारणपणे मृत्यूचा दाखला, शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला, सीलबंद शवपेटीचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. घोडं अडतं ते बहुधा नावावर. केसपेपरवर नाव ऐकून लिहिलेलं असतं, तेच मृत्यूच्या दाखल्यावर उतरतं आणि पासपोर्टशी जुळत नाही. मग आधी दाखल्याची दुरुस्ती, तोवर पुढचं सगळं ठप्प. म्हणून रुग्णाला दाखल करून घेतानाच पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्यावं.

वाणिज्यदूतीय संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३७ नुसार अशा मृत्यूची खबर दूतावासाला विनाविलंब देणं यजमान देशावर बंधनकारकच आहे. परदेशी अल्पवयीन मुलाला पालक नेमायची वेळ आली तरी कळवावं लागतं. ही दुसरी तरतूद सर्रास विसरली जाते.

प्रश्न : परदेशी माणसाला अटक झाली की पोलिसांनी दूतावासाला कळवायचं, की त्याने मागणी केल्यावरच?

उत्तर : कलम ३६ मध्ये दोन वेगळी कर्तव्यं आहेत आणि गल्लत तिथेच होते. त्याला ‘तुझ्या दूतावासाला कळवण्याचा हक्क तुला आहे’ हे सांगणं, त्याने विचारो न विचारो, सक्तीचं. दूतावासाला प्रत्यक्ष कळवणं मात्र त्याने तसं म्हटल्यावर. काही देशांमधल्या द्विपक्षीय करारांत त्याची इच्छा असो नसो, कळवावंच लागतं. तेव्हा आपला करार काय म्हणतो ते आधी पाहावं. हक्क सांगितल्याची वेळ लिहून त्याला समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घ्यावी.

‘विनाविलंब’ म्हणजे किती? हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये, मेक्सिको विरुद्ध अमेरिका या खटल्यात सांगितलं, की अटकेच्या क्षणीच असं नव्हे. पण माणूस परदेशी आहे हे लक्षात आल्यावर, किंवा तसं वाटण्याजोगं काही दिसल्यावर, हक्क सांगायलाच हवा. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताला अटकेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी कळवलं गेलं होतं. तो कराराचा भंग असल्याचा निकाल २०१९ मध्ये लागला.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. माणूस आपल्याच सरकारच्या भीतीने आश्रय मागत असेल, तर त्याच्या संमतीशिवाय त्याच्या दूतावासाला काहीही कळवू नये. मागे राहिलेल्या घरच्यांवर ते शेकू शकतं.

प्रश्न : वाणिज्यदूत जामीन भरतो का? वकील देतो का?

उत्तर : सहसा नाही. तुरुंगात भेटतो, वकिलांची यादी देतो, घरी निरोप पोचवतो, वागणूक वाईट असेल तर तक्रार करतो. दुहेरी नागरिकत्व असलेल्याला, तो ज्या देशात आहे तिथलाही नागरिक असेल तर, एवढीही मदत मिळेलच असं नाही.

प्रश्न : आमच्याकडे एक स्थानिक व्यापारी एका देशाचे मानद वाणिज्यदूत आहेत. गाडीवर झेंडा असतो. त्यांच्या गाडीने कुणाला धडक दिली तर नुकसानभरपाई बुडाली का?

उत्तर : अजिबात नाही. वाणिज्यदूताला, मग तो मानद असो वा पूर्णवेळ, न्यायालयापासूनचं संरक्षण अधिकृत कामापुरतंच असतं. त्यातही वाहन-अपघाताच्या भरपाईचा दावा कलम ४३ ने स्पष्टपणे वगळला आहे, आणि वाहनाचा विमा स्थानिक नियमांप्रमाणे असायलाच हवा. झेंडा लावायचा तोही सरकारी कामावर असताना. मानद दूताचं कार्यालय पूर्णवेळ दूतावासासारखं अभेद्य नसतं. तिथले शासकीय कागद मात्र, दुकानाच्या वह्यांपासून वेगळे ठेवले असतील तर, कुणी उघडू शकत नाही.

प्रश्न : आमच्या रहिवासी संघाने दूतावासाशी संबंध कसा ठेवावा?

उत्तर : सणासमारंभाची निमंत्रणं द्याच, पण त्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या : आपला भाग त्यांच्या कार्यक्षेत्रात येतो का, कार्यालयीन वेळेनंतर कोणता क्रमांक लागतो, आणि पासपोर्ट हरवल्यास तात्पुरत्या प्रवासपत्रासाठी काय लागतं. बहुधा पोलीस तक्रारीची प्रत, फोटो आणि नागरिकत्वाचा एखादा पुरावा मागतात. शहरात कार्यालय नसेल तर दुसऱ्या शहरातलं किंवा राजधानीतला राजदूतावास हे काम पाहतो. हा कागद रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर आणि शाळेच्या कार्यालयात लावून ठेवा, आणि अधिकारी बदलतात म्हणून वर्षातून एकदा क्रमांक लावून तपासा.