एक्स-रे लेझरच्या एकाच स्पंदाचे दोन तुकडे कसे करतात, आणि एक उशिरा कसा पाठवतात?

बेळगावातनं पणजीला दोन गाड्या एकदम सोडा, एक चोर्ल्यातून, दुसरी खानापूर-अनमोडवरून. दुसरी मागं राहणारच (चोर्ल्यात दरड कोसळली नसेल तर!). इथंही तेच: एका तुकड्याची वाट ०.३ मिलिमीटरने लांबवली की १ पिकोसेकंद (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) उशीर. साधा आरसा समोरून आलेला एक्स-रे परतवत नाही, म्हणून सिलिकॉनचे स्फटिक नेमक्या कोनात लावतात. खरी डोकेदुखी पुढं आहे, दोन्ही तुकडे नमुन्याच्या (ज्या पदार्थातली अणूंची हालचाल बघायची त्याच्या) त्याच जागी पडायला हवेत. डिटेक्टर (नमुन्यातून विखुरलेले एक्स-रे टिपणारा कॅमेरा) दोन्ही वेगळे टिपण्याइतका चपळ नसतो, दोन्हींची ठिपक्याठिपक्यांची चित्रं एकावर एक उमटतात. मधल्या वेळात अणू सरकले असतील तर ठिपक्यांची नक्षी फिकटते. त्या फिकटपणावरूनच हालचाल मोजतात.